जावा २१ टाकलं, तरी आवृत्ती १.८ का दिसते?

काना_मात्रा

नमस्कार. मी पेशाने मुद्रितशोधक आहे, प्रोग्रामर नाही. गेले तीन महिने एका ऑनलाइन अभ्यासक्रमातून जावा शिकतेय, आणि त्यामागे एकच कारण आहे: लागोपाठ दोनदा पडलेले शब्द. ‘त्याने त्याने’, ‘आहे आहे’. त्यातला एक ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असला, की वीस वर्षांचा सराव असूनही डोळा त्यावरून घसरून जातो. म्हणून असे शब्द शोधून त्यांची यादी फाइलमध्ये लिहिणारा चाळीसेक ओळींचा प्रोग्राम मीच लिहिला. त्याचं नाव ‘दुबार’.

अभ्यासक्रमात जावा २१ सांगितलंय. शिवाय तिथे एक टीप आहे, की १८ च्या आधीच्या जावात देवनागरी फाइल वाचताना गोंधळ होऊ शकतो. मी विंडोजवर झिप फाइल उतरवून घेतली, सी:\जेडीके-२१ या फोल्डरमध्ये उघडली, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये माझ्या नावाखालच्या पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतो त्यांची यादी) सी:\जेडीके-२१\बिन ही ओळ घातली आणि ‘मूव्ह अप’ दाबत दाबत ती सगळ्यात वर नेली.

आता गंमत बघा. (कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप रोमनमध्येच केल्या आहेत.)

जावा --व्हर्जन

असं अभ्यासक्रमात दिल्याप्रमाणे लिहिलं, तर ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन: --व्हर्जन’ आणि खाली ‘कुड नॉट क्रिएट द जावा व्हर्च्युअल मशीन’. हे वाचून मला वाटलं, काहीतरी मोडलंय. सगळं पुसून पुन्हा टाकलं. असं तीनदा केलं.

जावा -व्हर्जन

एकच डॅश दिला तर उत्तर येतं, पण ते ‘१.८.०_२०२’ असं. आणि

जावासी --व्हर्जन

याला मात्र २१.०.४ असं शहाण्यासारखं उत्तर येतं. एक डॅश की दोन, यावरून उत्तर बदलतं हे बघून आपल्या पेशाचा अभिमान वाटावा की भीती, तेच कळेना.

‘दुबार’ कम्पाइल होतो (म्हणजे जावाला चालवता येईल अशा फाइलमध्ये बदलतो), एकही चूक दाखवत नाही. चालवायला गेलं की लांबलचक ओळ येते: अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर, पुढे कुठेतरी ६५.० आणि शेवटी ५२.०. हे आकडे अभ्यासक्रमात कुठेच नाहीत. १.८ सुद्धा नाही. तिथे ८, ११, १७, २१ आहेत.

तर २१ बसलं आहे की नाही? आणि एक अडचण आधीच सांगते. ज्या छापखान्यासाठी मी काम करते त्यांचा पानं पाठवण्याचा एक जुना प्रोग्राम या मशीनवर आहे आणि तो जावावरच चालतो. तो बंद पडला तर माझं काम बंद.

टर्मिनलवाला

पाथ बदलल्यावर टर्मिनलची खिडकी बंद करून नवीन उघडली का? उघडी खिडकी जुनाच पाथ धरून बसते. शंभरातले नव्वद प्रश्न इथेच सुटतात.

काना_मात्रा

उघडली. मशीनही दोनदा बंद करून चालू केलं. मी उरलेल्या दहांत दिसतेय.

अर्धविराम

दोन जावा आहेत तुमच्याकडे, एवढंच. जुनं अनइन्स्टॉल करा, विषय संपला. छापखान्याचा प्रोग्राम २१ वर चालेल बहुतेक.

‘बहुतेक’वर भरवसा नसेल तर दुसरा रस्ता: कम्पाइल करताना ‘जावासी --रिलीज ८ दुबार.जावा’ असं द्या. मग तयार होणारी क्लास फाइल जावा ८ ला समजेल आणि ती ६५-५२ ची तक्रार येणार नाही. ‘८ आता जुनं झालं’ अशी सूचना येईल, तिकडे दुर्लक्ष करा.

जुना_सर्व्हर

काना_मात्राताई, आधी एक सांगतो: तुमचं काहीही मोडलेलं नाही. पहिल्याच फेरीत तुमच्यासमोर पूर्ण उत्तर आलं होतं, फक्त ते चूक दाखवणाऱ्या संदेशाच्या वेषात आलं.

दोन डॅशवालं ‘--व्हर्जन’ जावामध्ये आलं ९ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या जावाला ते कळतच नाही. त्याला वाटतं हा कुठला तरी अनोळखी पर्याय आहे, आणि अनोळखी पर्याय दिला की तो मशीन उभं करायलाच नकार देतो. ‘कुड नॉट क्रिएट’ एवढं भयंकर वाचायला मिळालं तरी त्याचा अर्थ ‘मी ८ किंवा त्याहून जुना आहे’ इतकाच. मी तर मुद्दाम दोन डॅश देऊन बघतो. चिडला तर म्हातारा, उत्तर दिलं तर नवा.

आता १.८. हा जावा ८ च. पहिल्यापासून आवृत्तीचे आकडे १.१, १.२ असे चालले होते. २००४ साली १.५ आलं तेव्हा बाहेर त्याला ‘५’ म्हणायला सुरुवात झाली, पण आत, प्रोग्रामला विचारलं की, उत्तर १.५ च राहिलं. म्हणजे पत्रिकेतलं नाव एक, हाक मारायचं दुसरं. हे ८ पर्यंत चाललं. ९ ला तो पुढचा एक काढून टाकला. म्हणून ‘१.८.०_२०२’ म्हणजे जावा ८, अपडेट २०२. आणि तुमचं ‘२१.०.४’ म्हणजे जावा २१ चा चौथा अपडेट, जुलै २०२४ चा. हे अपडेट दर तिमाहीला येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्यामुळे तिसरा आकडा बघून मशीनची किती दिवसांत कोणी चौकशी केली नाही, हे साधारण कळतं.

६५ आणि ५२ हे क्लास फाइलचे आकडे. त्यातून ४४ वजा करा. ६५ वजा ४४, एकवीस. ५२ वजा ४४, आठ. म्हणजे ती लांबलचक ओळ म्हणतेय: ‘ही फाइल २१ ने बनवलीय, मला ८ पर्यंतचंच वाचता येतं.’ हा आकडा प्रत्येक क्लास फाइलच्या सातव्या-आठव्या बाइटमध्ये असतो. पहिल्या चार बाइटांत काय असतं ते कधीतरी हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) उघडून बघा, मुद्रितशोधकाला मजा येईल.

आता मुद्द्याचं. तुम्ही (आणि अभ्यासक्रमानेही) विचारलं ‘आवृत्ती कोणती?’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: उत्तर देतंय कोण? दारात उभं राहून ‘अहो, आहात का?’ म्हटलं आणि आतून कुणीतरी ‘हो’ म्हणालं, म्हणून ते आपल्याला हवे तेच गृहस्थ असतील असं नाही. मी बारा वर्षं बिल्ड सर्व्हर सांभाळले. ‘आवृत्ती बरोबर आहे, तरी चालत नाही’ अशा तक्रारींमध्ये आवृत्ती एकाने सांगितलेली असायची आणि काम भलत्यानेच केलेलं असायचं.

तुमच्याकडे जावा आणि जावासी या दोन वेगळ्या फाइली आहेत. जावासी कम्पाइल करतं, जावा चालवतं. जुनं जे आहे ते नुसतं चालवण्यापुरतं, जेआरई दिसतंय. त्यात जावासी नसतंच. म्हणून ‘जावासी’ अशी हाक मारली की ती थेट तुमच्या २१ पर्यंत पोचते, मध्ये ओ द्यायला कुणी नाही. ‘जावा’ म्हटलं की मात्र वाटेतच ८ ओ देतं. तुमचं मशीन कम्पाइल करतंय २१ ने आणि चालवतंय ८ ने. हे ताडून बघायचं तर:

व्हेअर जावा
व्हेअर जावासी

यात आलेल्या ओळींपैकी सगळ्यात वरची जी, तीच चालते. दोन्हींचं उत्तर इथे टाका, मग पुढचं बोलू.

अर्धविराम, ‘--रिलीज ८’ ने क्लास फाइल चालेल हे बरोबर. पण ताई काय वाचतायत ते बघितलंत का? देवनागरी मजकूर. फाइल रीडरला वेगळं काही सांगितलं नसेल तर तो मशीनचं डीफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची ठरलेली पद्धत, घेतो. जावा १८ पासून ते सगळीकडे यूटीएफ-८ झालं. त्याआधी विंडोजवर ते विंडोजच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून होतं. हे ठरतं प्रोग्राम चालताना, कम्पाइल होताना नाही. म्हणजे तुमच्या उपायाने चूक दाखवणारा संदेश नाहीसा होईल, प्रोग्राम शांतपणे चालेल आणि यादीत कचरा येईल. मला तो संदेशच बरा वाटतो.

अर्धविराम

हा मुद्दा सुटला होता, मान्य. पण मग ‘-डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८’ देऊन ८ वर चालवता येईलच की. वर्षानुवर्षं लोक तेच करत आले.

जुना_सर्व्हर

येईल. आणि एक दिवस ते द्यायला विसरलं की कचरा येईल. त्या दिवशी ताईंना वाटेल की प्रोग्राममध्ये चूक आहे, आणि त्या चाळीस ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसतील. मी बसलोय असा. समोर २१ पडलेलं असताना ८ ला गोंजारायचं कशाला?

काना_मात्रा

‘व्हेअर जावा’ टाइप केलं. काहीच आलं नाही. चूक नाही, उत्तर नाही, कर्सर गुपचूप पुढच्या ओळीवर. दोन्ही नाहीत असं समजायचं का? मग मघाशी बोललं कोण?

जुना_सर्व्हर

हा हा. निळी खिडकी आहे का, ओळीच्या सुरुवातीला ‘पीएस’ लिहिलेली? म्हणजे पॉवरशेल. तिथे ‘व्हेअर’ हे एका वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे, गाळणीसारखी कमांड. तिला गाळायला काही दिलं नाही म्हणून ती गप्प राहिली. ‘व्हेअर.एक्सी जावा’ असं शेपटासकट लिहा. पुन्हा तेच: हाक एकाला मारली, दुसराच वळून बघतोय. मी हे मुद्दाम घडवून आणलेलं नाही.

काना_मात्रा

आलं! ‘व्हेअर.एक्सी जावा’ला दोन ओळी:

सी:\प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)\कॉमन फाइल्स\…\जावापाथ\जावा.एक्सी
सी:\जेडीके-२१\बिन\जावा.एक्सी

‘व्हेअर.एक्सी जावासी’ला एकच, सी:\जेडीके-२१ मधली.

म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. पण मी तर माझी ओळ पाथमध्ये सगळ्यात वर नेली होती! ती खाली कशी गेली?

जुना_सर्व्हर

तुम्ही वर नेलीत ती तुमच्या यादीत. त्या खिडकीत दोन याद्या असतात: वरच्या चौकटीत तुमच्या नावाची, खालच्या चौकटीत सिस्टिमची. विंडोज पाथ तयार करताना आधी सिस्टिमची यादी घेतो, तिच्या शेपटाला तुमची जोडतो. म्हणजे तुम्ही तुमच्या यादीत पहिल्या आलात तरी सिस्टिमच्या शेवटच्या ओळीच्या मागेच. चौकट वर दिसते, नंबर मात्र खाली. याच्यावर माझा स्वतःचा एक अख्खा रविवार गेलाय, म्हणून पाठ आहे. जुन्या जावाच्या इन्स्टॉलरने जावापाथ नावाचं फोल्डर सिस्टिमच्या यादीत घातलंय, म्हणून ते आधी सापडतं.

सरळ उपाय असा, की सिस्टिमच्या यादीत सी:\जेडीके-२१\बिन जावापाथच्या वर टाकायचं. तुमच्या बाबतीत मी हे सांगणार नाही. छापखान्याचा प्रोग्राम जावा कसा शोधतो हे आपल्याला माहीत नाही. तो नुसती ‘जावा’ अशी हाक मारत असेल, तर तुम्ही क्रम बदलल्याच्या क्षणी तो २१ वर चालायला लागेल. चालला तर ठीक. नाही चालला तर ते तुम्हाला पानं पाठवायच्या दिवशी कळेल.

त्यापेक्षा नोटपॅडमध्ये दोन ओळींची एक फाइल करा, नाव ‘जावा२१.बॅट’:

सेट पाथ=सी:\जेडीके-२१\बिन;%पाथ%
सीएमडी /के

‘=’च्या आजूबाजूला जागा सोडायची नाही; ही सवय तुमच्या पेशाच्या विरुद्ध आहे, मला कल्पना आहे. या फाइलवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडेल. त्या खिडकीपुरता २१ चा मान पहिला. खिडकी बंद केली की सगळं पूर्वीसारखं, सिस्टिमला धक्का नाही, छापखान्याला पत्ता नाही. तुमच्या नावाखालच्या पाथमधली ती ओळ काढून टाकली तरी चालेल.

मग त्या खिडकीत हे करून बघा:

जावा -एक्सशोसेटिंग्ज:प्रॉपर्टीज -व्हर्जन

(एक्स कॅपिटल, सेटिंग्जचा एस कॅपिटल, शेवटच्या व्हर्जनला एकच डॅश.) भरपूर ओळी येतील. त्यात ‘जावा.होम’ नावाची ओळ शोधा. तिथे उत्तर देणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो आणि खाली त्याची आवृत्ती. नाव आणि गाव एकाच दमात. ही कमांड ८ वरही चालते, २१ वरही, म्हणून माझी लाडकी आहे.

एक सूचना: कमांड हाताने टाइप करा, कुठल्या दस्तऐवजातून चिकटवू नका. शब्दप्रक्रियेचे प्रोग्राम दोन छोटे डॅश दिसले की त्यांचा एक लांब डॅश करून टाकतात. जावाला तो डॅश वाटतच नाही. त्याला वाटतं तुम्ही ‘–व्हर्जन’ नावाचा प्रोग्राम चालवायला सांगताय, आणि मग ‘मुख्य क्लास सापडला नाही’ अशी भलतीच तक्रार येते.

काना_मात्रा

लांब डॅश आणि छोटा डॅश यांतला फरक कळणारं कुणीतरी भेटलं. लेखकांशी मी रोज यावरून भांडते. त्यांना म्हणत असते, ‘वाचकाला कळतं हो’. आता म्हणेन, ‘जावालाही कळतं’.

संध्याकाळी बॅट फाइल करून बघते.

रात्रपाळी

धागा वाचला म्हणून लिहितेय, ताईंना आत्ता लागणार नाही पण पुढे कुणाला तरी लागेल. मी रात्रीच्या शिफ्टला मशीनच्या नोंदी गोळा करते. प्रत्येक मशीनवरून ‘जावा -व्हर्जन’चं उत्तर एका फाइलमध्ये साठवायचं होतं. ‘>’ देऊन फाइलकडे वळवलं. उत्तर पडद्यावर दिसतंय, फाइल रिकामी! दोन रात्री मी फाइलच्या परवानग्या तपासत होते.

एक डॅशवालं -व्हर्जन आपलं उत्तर नेहमीच्या वाटेने पाठवतच नाही, चुकांच्या वाटेने पाठवतं. ती वाट पकडायला ‘२>’ लिहावं लागतं. दोन डॅशवालं --व्हर्जन मात्र सरळ वाटेने येतं. पायथन या दुसऱ्या भाषेचंही पूर्वी असंच होतं, ३.४ पासून सुधारलं. आणि पायथनमध्ये आणखी एक खोच आहे: कॅपिटल -व्ही दिलं तर आवृत्ती, छोटं -व्ही दिलं तर बडबड्या मोड, प्रत्येक इम्पोर्टची कहाणी पडद्यावर ओतली जाते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’ला छोटं -व्ही चालतं. ‘गो’ भाषेला डॅशच लागत नाही, नुसतं ‘गो व्हर्जन’. कुणीच कुणाशी बोलून ठरवलेलं नाही.

आणि ते १.८ प्रकरण. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये आवृत्तीतला दुसरा आकडा काढून तो ‘८ किंवा जास्त आहे का’ असं तपासलं होतं. १.८ साठी बरोबर. मशीनवर ११.०.२ आलं, दुसरा आकडा शून्य, स्क्रिप्ट म्हणाली जावा फार जुनं आहे, नवीन टाका. पहाटे साडेतीनला.

अर्धविराम

पायथन ३.१० आलं तेव्हा हाच प्रकार, फक्त उलटा. आवृत्तीची पहिली तीन अक्षरं कापून घेणाऱ्यांना ३.१० मध्ये ३.१ दिसायला लागलं. आवृत्ती हा दशांश अपूर्णांक नाही, टिंबांनी जोडलेले पूर्णांक आहेत, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. ३.९ नंतर ३.१० येतं, पुस्तकातल्या प्रकरणांसारखं.

टर्मिनलवाला

मॅक आणि लिनक्सवाले हा धागा वाचत असतील तर: ‘व्हेअर’च्या जागी ‘टाइप -ए जावा’. मॅकवर यूएसआर/बिन मधलं जावा हे खरं जावा नाहीच, नुसता दारवान आहे, तो आत कुणी असेल तर त्याला बोलावतो. आत कोण कोण आहे ते बघायला ‘/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही’, यातला व्ही कॅपिटल. डेबियन, उबुंटूवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा’, तिथे यादी येते आणि नंबर देऊन निवडता येतं. पण ते जावा बदलतं, जावासीसाठी तीच कमांड जावासी नाव देऊन पुन्हा द्यावी लागते. एकच बदलून मोकळे झालात की ताईंचाच प्रश्न घेऊन याल.

जुना_सर्व्हर

टर्मिनलवाला, छान. त्याला एक जोड: मेव्हन, ग्रेडलसारखी प्रोग्राम बांधणारी साधनं आधी जावा_होम हे व्हेरिएबल बघतात. ते जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर पाथ कितीही सरळ करा, ती आपली जुन्याच घरी जाणार. ‘एमव्हीएन -व्ही’ दिलं की मेव्हन स्वतःच्या आवृत्तीबरोबर कुठलं जावा वापरतोय तेही सांगतो. आणि एडिटरमधलं हिरवं बटण हा आणखी तिसरा माणूस. त्याची स्वतःची सेटिंग असते. म्हणून ताई, सध्या बटण नको, काळी खिडकीच.

काना_मात्रा

झालं!

पहिल्यांदा नाही झालं, ते आधी सांगते. बॅट फाइलवर डबल क्लिक केलं तर ती नोटपॅडमध्येच उघडली. बघते तर तिचं नाव ‘जावा२१.बॅट.टीएक्सटी’ झालं होतं आणि शेवटचं शेपूट विंडोज लपवून ठेवत होता. शेपूट काढलं. काळी खिडकी आली.

जावा.होम = सी:\जेडीके-२१

खाली तीन ओळी: ओपनजेडीके व्हर्जन २१.०.४, तारीख २०२४-०७-१६, मग रनटाइम, मग ‘६४-बिट सर्व्हर व्हीएम’. तुम्ही सांगितलेली तिमाहीची जुलै दिसली म्हणून उगाच आनंद झाला. आता दोन डॅश दिले तरी चिडत नाही.

शेजारी साधी खिडकी उघडून तिथेही ‘व्हेअर.एक्सी जावा’ केलं. माझ्या यादीतली ओळ काढली होती, त्यामुळे तिथे फक्त जावापाथ. छापखान्याच्या प्रोग्रामने दुपारी सोळा पानं बिनतक्रार पाठवली.

क्लास फाइलही हेक्समध्ये उघडून पाहिली. पहिले चार बाइट वाचून हसले. सातव्या-आठव्यात ००, ४१ होतं. ६५ कुठे दिसेना म्हणून पाच मिनिटं गोंधळले, मग लक्षात आलं की हेक्समधलं ४१ म्हणजेच ६५.

मग ‘दुबार’ तीनशे बारा पानांच्या हस्तलिखितावर सोडला. देवनागरी अख्खी, एकही चौकोन नाही, एकही प्रश्नचिन्ह नाही. एकोणीस ठिकाणं सापडली. त्यातल्या चार खऱ्या चुका, आणि त्यांतला एक ‘आहे आहे’ मी स्वतः दोन वाचनांत सोडला होता. ओळीच्या शेवटी एक, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक.

उरलेली पंधरा म्हणजे ‘कधी कधी’, ‘लहान लहान मुलं’, ‘बघता बघता’, आणि एका कवितेतलं ‘ये ये’. त्या प्रोग्रामला मराठी येत नाही, हा जावाचा दोष नाही. अपवादांची यादी कशी द्यायची त्यासाठी वेगळा धागा काढते.